काट्यामागच्या खोलीतल्या दोघी

९ सप्टेंबर, मंगळ.

आज परत नेट गेलं. गाड्या भरून उभ्या, वजनकाटा बंद, गेटपास निघत नाही. ड्रायव्हर लोक कॅबिनमधून उतरून माझ्याच तोंडाकडे बघतात, जशी मीच वायर खाऊन बसले.

त्यात रायपनिंगची, केळी पिकवायची, दोन नंबरची खोली. स्क्रीनवर गरमीचा आकडा बरोबर दिसत होता म्हणून हिलालभाऊ निवांत. आकडा नेट गेलं तेव्हाचाच होता, तिथंच अडकून बसलेला. आत गरमी वाढत गेली. दार उघडलं तर सगळा माल डागी. बोट लावलं की सालीतून आत जातं. हिलालभाऊ कॉम्प्रेसरवर इतकी वर्षं आहे, त्याला रडायला यायचं बाकी होतं. मशीननं फसवलं त्याला, त्याचा काय दोष. तरी मी ओरडलेच.

दुपारी सोसायटीची मीटिंग. चेअरमन तात्या म्हणे, धुळ्याच्या पार्टीला नेटचं वर्षाचं काम देऊन टाकू. मी म्हटलं, माझी सून पुण्याला मोठ्या कंपनीत हेच करत होती, तिला द्या. तात्या हसले. "वयनी, तुमनी वहू भाकरी करी का नेट करी?" मी म्हटलं, तुमचा मुलगा दोन्ही करत नाही, त्याचं काय? सगळे डायरेक्टर चहाच्या कपात बघायला लागले. महिलांची एक सीट ठेवायची म्हणून मला घेतलं, आता ऐका.

ठरलं असं. दसऱ्यापर्यंत हर्षालीनं बघायचं. नवरात्रात उपवासाचा माल गुजरातला जातो, त्यात एक गाडी जरी नेटमुळं अडली तर काम धुळ्याला. नाही अडली तर हर्षालीला.

हर्षालीला अजून विचारलेलं नाही.

१० सप्टें. बुध.

विचारलं. भडकली. "माले इचारं का तुम्ही, आई?" चिडली की रनाळ्याची अहिराणी निघते तिची, नाहीतर पुण्यासारखं बोलते.

पुण्याची कंपनी तिला परत बोलावते आहे. मला ठाऊक आहे, मुलानं, योगेशनं सांगितलं. हेही सांगितलं की ती गेली तर तोही शहाद्याची नोकरी सोडून तिकडंच बघेल. म्हणजे घरात मी, हे, आणि टीव्ही. म्हणून मी मीटिंगमध्ये बोलले का? असेल. बोलले एवढं खरं.

तास गेला. भांडी घासताना मागं येऊन उभी. म्हणे, काट्यामागच्या खोलीची चावी कोणाकडे असते?

११ सप्टें. गुरु.

काट्यामागच्या खोलीत गेलो दोघी. दार उघडलं तर जुने कॅरेट, फवारणीचा पंप, कोणाचा तरी फाटका रेनकोट. आणि भिंतीला एक डबी, दिवे लुकलुकतात. त्यात सगळ्या वायरी. हर्षाली खाली बसली ती बसलीच. मी म्हटलं, सापडलं का काय बिघडलं? म्हणे, काही बिघडलेलं नाही, रचनाच चुकीची आहे. काटा, कॅमेरे, ऑफिस, रायपनिंगच्या खोल्या, सगळ्यांना बाहेर जायला एकच दार. ते लागलं की सगळे आत कोंडले. डबी बदलून उपयोग नाही. दारं दोन पाहिजेत.

येताना केसात जाळं घेऊन आली. जेवताना पण तेच बोलत होती. ह्यांना काही कळलं नाही, ते मान हलवत होते.

तात्यांना जाऊन सांगितलं, मशीन दोन लागतील आणि बाहेरच्या लाइनीही दोन. एक जमिनीतली फायबर आहेच, दुसरी टॉवरवरून हवेतली. तात्या म्हणे, एक चालत नाही आणि दोन कशाला? मी म्हटलं, तुम्ही ट्रॅक्टरला स्टेपनी ठेवत नाही का. म्हणे, ट्रॅक्टरला स्टेपनी नसते वयनी. नसेल. जीपला असते. घ्या म्हटलं दोन. घेतली.

१५ सप्टें. सोम.

मशीन आल्या. स्विच म्हणतात. दोन्ही सारख्याच, चपट्या, जुळ्या बहिणी. मी विचारलं, यातली मुख्य कोणती? हर्षाली म्हणे, अजून कोणीच नाही, आपण ठरवायचं. आकडा द्यायचा. प्रायॉरिटी. जिचा आकडा मोठा तिच्याकडे कारभार. वरच्या फळीवरचीला तिनं ११० दिला, खालचीला १००. वरचीला फायबर जोडली, खालचीला टॉवरची लाइन. मी वरचीला थोरली म्हणते, खालचीला धाकटी. हर्षाली हसली, पण आता तीही तसंच म्हणते.

थोरली दर सेकंदाला धाकटीला सांगत राहते, मी आहे, मी आहे, मी आहे. हे ऐकू येत नाही, तारेतून जातं. धाकटी नुसती ऐकत बसते. दोन-तीन वेळा आवाज आला नाही की समजते, थोरली गेली. लगेच उभी राहते. कोणाला विचारत नाही, मीटिंग घेत नाही.

मला हे फार आवडलं. दिवसभर डोक्यात होतं. आमच्या घरात तीस माणसं एका चुलीवर जेवत होती तेव्हासुद्धा कोणी कोणाला 'मी आहे' म्हटलं नाही. समजून घ्यायचं.

१६ सप्टें. मंगळ.

आज डब्बा घेऊन गेले तिला. मांडीवर कॉम्प्युटर, बोटं चालूच. एका हातानं भाकर, एका हातानं टाईप. मी बघत बसले. मला तसं बसवत नाही कोणाचं काम बघत, मी पॅकिंगच्या बायांच्या मागे उभी राहिले तरी त्यांच्या हातातल्या फण्या काढून घेते. पण हिचं बघत बसले. काही कळत नव्हतं. तरी कळत होतं की हात सरावाचा आहे. चुकली की स्वतःच च्च करते, पुसते, पुढे.

विचारलं, काट्याच्या कॉम्प्युटरला कसं कळणार आज कोणाकडे जायचं? थोरलीकडे की धाकटीकडे?

म्हणे, त्याला कळायची गरजच नाही. सगळ्यांना एकच पत्ता दिला आहे. तो पत्ता थोरलीचा नाही, धाकटीचाही नाही. जी कारभारावर असेल ती त्या पत्त्याला ओ देते.

मग मला म्हणते, आई, तुमच्यात थोरल्या काकी बाजूला बसायच्या तेव्हा चूल तुमच्याकडे यायची ना? गडी माणूस दारातून काय म्हणायचा?

काय म्हणणार. 'भाकर टाका.' नाव कोण घेतं? आत जी असेल ती टाकायची. त्याला पाटावर भाकर मिळाल्याशी काम. कोणाच्या हातची, ते त्यानं कधी विचारलंही नाही मेल्यानं.

"झालं मग," म्हणे. "तोच गेटवे."

अजून एक विचारलं तिनं. चौथ्या दिवशी काकी न्हाऊन आल्या की लगेच पळी हातात घ्यायच्या का? मी म्हटलं, छे. आमच्याकडे रीत होती, जिनं चूल पेटवली तिनंच तो स्वयंपाक उतरवायचा. मधेच घेतली तर मीठ दोनदा पडतं नाहीतर पडतच नाही. एकदा जाऊबाईंनी, म्हणजे याच काकींनी, घाईनं घेतली होती, पंगतीत वरण कोणी तोंडात घालू शकलं नाही. हर्षाली टाळी वाजवून हसली. थोरली परत चालू झाली तरी लगेच कारभार घेणार नाही, आधी सगळं नीट सुरू होऊ दे, मग घेईल, असं तिनं लिहिलं आहे म्हणे. किती वेळ थांबायचं तेही लिहिता येतं.

आता आमच्याकडे कोणी बाजूला बसत नाही. हर्षाली आली तेव्हा पहिल्याच महिन्यात सरळ स्वयंपाकघरात आली, मी काही बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं असं जाऊबाई म्हणतात. म्हणू दे.

१९ सप्टें. शुक्र.

परीक्षा. तात्या आले, दोन डायरेक्टर आले, हिलालभाऊ दारात. भिंतीवरच्या टीव्हीवर सगळे कॅमेरे लावले होते.

हर्षालीनं थोरलीची पिन उपटली. चित्र जरा थबकलं, परत चालू. काट्यावर गाडी होती, तिची पावती निघाली. तात्यांनी चष्मा वर केला. "बस? इतलंच?" बस, इतकंच. हिलालभाऊनं टाळी वाजवली. पिन परत लावली, थोड्या वेळानं थोरलीनं कारभार घेतला, तेही कोणाला कळलं नाही. सगळे निघालेच होते चहाला.

तिनं थांबवलं. म्हणे, अजून एक बघायचं राहिलं. मशीन चालू आहे पण तिची बाहेरची लाइन तुटली, असं झालं तर?

कोणी विचारलं नव्हतं. मी डोळ्यांनी खुणावत होते, पुरे. तिनं फायबर काढली.

सगळं बंद. टीव्हीवर गोल गोल फिरायला लागलं. काटा बंद. आणि थोरलीचे दिवे मस्त हिरवेगार.

तात्या म्हणे, "हाई ते जुनं नेट शे मग. डबी नवी." एक डायरेक्टर म्हणाला, धुळ्याचा नंबर आहे ना तात्या? मला वाटलं जमीन फाटावी, नाहीतर त्या डायरेक्टरच्या पायाखालची तरी.

हर्षाली पळाली नाही. खाली बसली, वाचलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, चूक माझी आहे. लाइन तुटली की थोरलीनं स्वतःचा आकडा कमी करायचा, असं लिहिलं होतं. पण पाचनंच कमी करायला सांगितलं. एकशे दहातून पाच गेले, एकशे पाच. धाकटीचे शंभर. म्हणजे हात रिकामे, तरी थोरलीच मोठी.

पाचाचे वीस केले. परत फायबर काढली. थोरली नव्वदवर उतरली, धाकटीनं घेतलं, टीव्ही चालू, पावती चालू.

तात्यांनी चहा घेतला, गेले.

मी तिला घरी येताना ओरडले, कोणी विचारलं नव्हतं तर कशाला काढली वायर? म्हणे, "नवरात्रमा कोनी इचारीसन तोडतस का?" बरोबर आहे. नवरात्रात तोडणारा विचारून तोडत नाही.

रात्री झोप लागली नाही. आनंद की राग, कळेना. स्वतःहून खाली उतरायचं, असं यंत्राला सांगता येतं हे मला माहीत नव्हतं. सोसायटीत वीस वर्षांत कोणी उतरलेलं पाहिलं नाही.

२२ सप्टें. सोम. घटस्थापना

घट बसवले, पळाले. गाड्यांची रांग पुलाकडच्या रस्त्यापर्यंत. पॅकिंगच्या बाया उपवासाच्या, तरी तोंडं चालू. एक म्हणे, "काकी, आज नेट कसं गयं नही? तुमनी वहूनी बांधी ठेवं का?" बांधून ठेवलं म्हटलं, खुंटीला. हसल्या. नेटचं नाव नाही दिवसभर. कमरेचं काय सांगू.

२३. मंगळ.

गाड्या. काही नाही.

२४. बुध.

गाड्या. सुरतचा व्यापारी दोनदा फोन करून विचारतो, माल निघाला का. निघाला, निघाला. त्याला विश्वासच बसत नाही.

२५ सप्टें. गुरु.

आज गंमत झाली. गंमत कसली, पळापळ.

दुपारी मोटारसायकलवर एक माणूस आला, गळ्यात वायरीचं भेंडोळं. म्हणे, फायबर जोडायला आलो, रस्त्याच्या कामावर जेसीबीनं तोडली आहे सकाळी. मी म्हटलं, कोणाची? म्हणे, तुमचीच.

मी तशीच काट्याकडे पळाले. पावत्या निघत होत्या. ऑफिसात पळाले. कॅमेरे चालू. रायपनिंगचे आकडे हलत होते, मी मुद्दाम उभी राहून बघितलं, हलतात की अडकले आहेत. हलत होते. सकाळपासून धाकटी एकटी सगळं ओढत होती आणि आम्हाला कोणालाच पत्ता नाही. मी तिथं उभी राहून हसले. काट्यावरचा मुलगा विचारतो, काय झालं काकी? काहीच झालं नाही रे. तेच तर.

संध्याकाळी फायबर जोडली. थोरली लगेच नाही आली. थांबली, मग घेतलं.

हर्षालीसाठी शहाद्याहून बासुंदी आणायला लावली ह्यांना. कशासाठी ते सांगितलं नाही. तिचा उपवास नव्हता बरं झालं.

२६ सप्टें. शुक्र.

तात्यांना फायबरचं मीच जाऊन सांगितलं. तात्या, तुमच्या गाड्या काल तुटलेल्या वायरीवरून सुरतला गेल्या. म्हणे, "खरं सांगतस का वयनी?" मी म्हटलं, वायरमनला विचारा. विचारलं असावं. संध्याकाळी घरी आले, हर्षालीला म्हणाले, पोरी, चांगलं केलं. उभ्या उभ्याच. पण म्हणाले. तात्यांच्या तोंडून हे निघालं म्हणजे खूप झालं. मनानं वाईट नाहीत. बापाच्या वेळेपासून त्या सोसायटीत आहेत, एका एका गाडीचं त्यांना लागतं.

१ ऑक्टो. बुध. खंडेनवमी

शस्त्रपूजा. काटा, कॉम्प्रेसर, ट्रॅक्टर, सगळं धुतलं. हिलालभाऊचा हात पूजेत फार. प्रत्येक मशीनला गंध, झेंडूची माळ, नारळ. थोरली-धाकटीलाही केली. बघून बरं वाटलं. हर्षाली माहेरी रनाळ्याला गेली आहे, तिच्याकडे देवीचं असतं. तिला फोटो पाठवला.

२ ऑक्टो. गुरु. दसरा

सोनं वाटलं. नवरात्र गेलं. एक गाडी अडली नाही. मी मुद्दाम तात्यांच्या घरी आधी गेले सोनं द्यायला. "जितं तू वयनी," म्हणाले. मी नाही, म्हटलं.

३ ऑक्टो. शुक्र.

हर्षाली सकाळी आली ती सरळ खोलीत. मी मागून चहा घेऊन गेले तर ती थोरलीवर हात ठेवून उभी.

थोरली बंद. दिवे नाहीत. वरून लाल कापड गुंडाळलेलं, चांगलं दुहेरी, गाठ मारलेली, वर माळ. पूजेचं. हवा जायची सगळी भोकं झाकली गेली. मीही हात लावला, गरम होती. तापली की स्वतःच बंद पडायची, निवली की चालू, परत तापली की बंद. कधीपासून, कोणाला माहीत नाही. दसऱ्याला सगळं धाकटीवर चाललं.

मी म्हटलं, बघ, तरी काही अडलं नाही! म्हणजे तुझं काम पक्कं. तिनं माझ्याकडे असं बघितलं. "आई, आपण एका पायावर उभे होतो. हिला पण कापड असतं तर?"

धाकटीला कापड नव्हतं कारण हिलालभाऊकडे एकच उरलं होतं. थोरलीला मान दिला त्यानं.

बोलावलं. आला, बघितलं, तोंड उतरलं. आधीच दोन नंबर खोलीचं त्याच्या मनात होतं. "ताई, देवनं कापड शे. काढानं कसं? मी वाईटसाठी करं का?" मी सुरूच करणार होते, माझं तोंड तुम्हाला माहीत… कोणाला सांगते आहे मी. हर्षालीनं माझ्या आधी बोलायला घेतलं. म्हणे, हिलालदादा, तुम्ही तिला दिलं म्हणून मला बरं वाटलं, पुण्यात आमच्या मशीनला कोणी कुंकू लावत नव्हतं. फक्त हिला अंगावर नको, खाली द्या. आसन. देवाला पण आसन देतोच ना आपण. त्यानं स्वतः माळ उतरवली, गाठ सोडली, कापडाची घडी फळीवर घातली, त्यावर थोरली ठेवली, भोकं मोकळी. निवल्यावर चालू झाली. हिलालभाऊनं हात जोडले. मग हर्षालीनं त्याला दाखवलं, हवा कुठून जाते, तळहात धरून. तो रोज सकाळी तळहात धरणार आहे म्हणे.

मला नसतं जमलं. मी त्याला फाडून खाल्लं असतं आणि त्यानं मनात ठेवलं असतं.

४ ऑक्टो. शनि.

आता नवीन. कारभार बदलला की फोनवर निरोप येणार. हर्षालीच्या फोनवर, आणि माझ्या. माझ्या कशाला? म्हणे, मशीनला दुसरी आहे आई. मला कोण आहे?

मी माझा फोन काढून तिच्या हातात दिला.

६ ऑक्टो. सोम. कोजागिरी

मीटिंग. तात्यांनी हर्षालीलाही बोलावलं होतं. सगळे खुश. एक डायरेक्टर म्हणाला, काम देऊन टाका पोरीला. वही उघडली, ठराव लिहायला घेतला.

हर्षाली म्हणे, आधी एक सांगायचं आहे. आणि कापडाचं सांगितलं. हिलालभाऊचं नाव न घेता. म्हणे, दसऱ्याला थोरली बंद होती, मला कळलं नाही, कळायची सोय मी करायला पाहिजे होती, ती केली नव्हती. आता केली.

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. जोरात. तिनं पाय काढून घेतला आणि बोलत राहिली.

मग ज्यांना धुळ्याचा नंबर आठवतो ते बोलले. पोरगी हुशार आहे पण घरची आहे, उद्या बाळंतपण, परवा पुणं. तात्या म्हणाले, दिवाळीनंतर ठरवू, धुळ्याच्या पार्टीला पण बोलावू, दोघांचं ऐकू. त्यांना द्यायचं होतं. मला दिसत होतं. पण बोलले नाहीत.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, कशाला सांगितलं? तुझ्या तोंडातला घास होता. म्हणे, "नही सांगं तर मी झोपती नही." मग शांतपणे, पुण्याची मुलाखत गुरुवारी आहे, जाऊन येते.

संध्याकाळी दूध आटवलं. तिनं केशर टाकलं. दोघी गच्चीवर बसलो. इतकी खरी पोरगी मी पाहिली नाही. मीटिंगमध्ये मला तिचा राग आला होता, आता येत नाही. माझ्यानं असं झालं नसतं. तिला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

७ ऑक्टो. मंगळ.

शिकवते मला. स्क्रीनवर कुठं बघायचं, कोणता शब्द कारभारणीचा, कोणता बसलेलीचा. मी चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं येतात पण हळू. एकदा चुकले, दोनदा चुकले, कॉम्प्युटर बंद करून उठले. तिनं परत बसवलं. "आई, तुम्ही एका नजरेनं सांगता फणी कोणत्या बागेची आहे. ह्यात दोनच आहेत."

दोनच आहेत. मग जमलं.

८ ऑक्टो. बुध.

योगेश गाडीत बसवून आला तिला. निघताना पाया पडली. डब्यात दशम्या दिल्या, चटणी दिली. नीट दे म्हटलं मुलाखत. खरंच म्हटलं. मन लावून म्हटलं.

ह्यांनी विचारलं, ती घेई का नोकरी? मी म्हटलं, हुशार आहे, देतील. घेईल की नाही ते तिचं तिला ठाऊक. योगेश आत गेला.

९ ऑक्टो. गुरु.

सकाळी फोनवर निरोप आला. शब्द ओळखला. थोरली खाली, धाकटी वर.

गेले खोलीत. हिलालभाऊ तळहात धरून उभाच होता. कापड खालीच, हवा मोकळी, थोरलीचे दिवे चालू. म्हणजे बाहेरची लाइन. स्क्रीन उघडली. नव्वद. बरोबर. फायबर. वायरमनला फोन केला, म्हणे रस्त्यावर परत काम चालू आहे, बघतो. काटा चालू. आकडे हलतात. गाडी भरून निघाली, तिला मी हात केला, ड्रायव्हरला वाटलं वेडी झाली बाई.

सगळं मी बघितलं, एकटीनं.

हे म्हणतात, "तिले सांग ना फोन करीसन. काब्र नही लावस?"

तिची मुलाखत दुपारी आहे. आता आवरत असेल, केस बांधत असेल. फोन लावला की ती विचारेल, आई, काही अडलं आहे का? येऊ का मी परत? काही अडलेलं नाही हे मला माहीत आहे. पण तिनं 'येऊ का' विचारलं की माझ्या तोंडून काय निघेल, तेही माहीत आहे.

फोन पिठाच्या डब्यावर ठेवला आहे. वायरमन अजून आला नाही. धाकटी ओढते आहे.